बर्मिंगहॅमची बुडालेली खातेवही

इंग्लंडमधले बर्मिंगहॅम हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानावर दोन कारणांनी पडलेले असते. पहिले कारण मलाला युसूफझाई. स्वातमध्ये गोळी लागल्यानंतर तिच्यावरचे पुढचे उपचार याच शहरात झाले. ३ सप्टेंबर २०१३ रोजी तिथल्या महापालिकेच्या नव्या भव्य ग्रंथालयाचे उद्घाटन तिच्याच हातून झाले. दुसरे कारण कुरआनची दोन पाने. २०१५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने आपल्या संग्रहातल्या या पानांची तपासणी करून घेतली, तेव्हा त्यांचे कातडे इ. स. ५६८ ते ६४५ या काळातले असल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे ती जगातल्या सर्वांत जुन्या कुरआन-पानांपैकी आहेत.

आता तिसरे कारण सांगते. ग्रंथालयाच्या उद्घाटनाला दहा वर्षे आणि दोन दिवस झाले आणि ५ सप्टेंबर २०२३ रोजी बर्मिंगहॅम महापालिकेने कलम ११४ ची नोटीस काढली. १९८८ च्या स्थानिक वित्त कायद्यातले हे कलम आहे. नोटीस निघाली की कायद्याने बंधनकारक असलेली आणि आधीच कबूल केलेली कामे सोडून नवा खर्च बंद. तिथे महापालिका कायद्याने दिवाळखोर होत नाही, पण सामान्य माणसाने त्याला दिवाळेच म्हटले.

पालिकेने तेव्हा दोन मोठी कारणे पुढे केली. एक, स्त्री कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाची थकबाकी. दुसरे, हिशेब आणि पगाराचे जुने सॉफ्टवेअर बदलून नवे बसवताना फुगलेला खर्च आणि त्यातून झालेला गोंधळ. या दुसऱ्या कारणावर मला लिहायचे आहे. विषय रुक्ष वाटेल. पण आपल्या गावातला कचरा, पाणी, शाळेतल्या सेविकेचा पगार, जन्माचा दाखला, हे सगळे ज्या वहीवर चालते ती वही बदलण्याचा हा प्रश्न आहे. ही वही बदलायला पैसा द्यावा का, किती द्यावा आणि कशासाठी द्यावा, याचे उत्तर बर्मिंगहॅमने फार महागात शिकवले. तो धडा आपल्याला फुकट मिळतो आहे, तर घ्यायला हवा.

सॉफ्टवेअर म्हणजे शहराची खातेवही

महापालिकेचे ‘बिझनेस सॉफ्टवेअर’ म्हणजे मोबाइलवरचे एखादे अॅप नव्हे. कर किती आला, ठेकेदाराला किती गेला, कोणत्या खात्यात किती माणसे आहेत, कोणाचा पगार किती, कोणाची रजा किती, कोणत्या गोदामात किती पाइप पडले आहेत, हे सारे एकाच ठिकाणी नोंदवणारी ती अवाढव्य खातेवही. एका खात्यात झालेली नोंद दुसऱ्या खात्यात आपोआप उमटावी, ही तिच्याकडून अपेक्षा.

मी शाळेत उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवते. मुलांना गंमत म्हणून सांगते, की मराठी माणसाने पैशाचा हिशेब मांडायला घेतला की त्याच्या तोंडी अरबी-फारसी शब्द येतातच. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, दफ्तर, अमानत. फडणीस हा शब्दसुद्धा मूळ ‘फर्दनवीस’, म्हणजे यादी लिहिणारा. दख्खनच्या सुलतानांच्या दफ्तरातून हे शब्द मराठेशाहीत आले आणि घरचे झाले. राज्य कोणाचेही असो, वही बदलत नसे. लिहिणारे कारकून तेच राहत. नवा धनी आला तरी जुन्या नोंदी वाचता येणे भाग होते, कारण नोंदी बुडाल्या तर महसूल बुडाला.

आज कारकून, वही आणि शाई या तिन्हींच्या जागी सॉफ्टवेअर आले आहे, आणि त्याला वय असते. बर्मिंगहॅमची पालिका १९९९ पासून सॅप या जर्मन कंपनीची प्रणाली वापरत होती. वीस वर्षांत तिच्यावर इतकी ठिगळे लागली, की ती सांभाळणे अवघड आणि खर्चिक झाले. त्यात विकणारी कंपनीही जुन्या मालाची देखभाल कायम करत नाही. सॅपने आपल्या जुन्या पिढीच्या प्रणालीची नेहमीची देखभाल २०२७ च्या अखेरीस थांबवण्याचे जाहीर केले आहे. त्यामुळे जगभरातल्या शेकडो संस्थांसमोर आज हाच प्रश्न आहे. आपल्या मुंबई महापालिकेचा कारभारही सॅपवरच उभा राहिला. म्हणजे ही गोष्ट साता समुद्रापलीकडची असली तरी तिचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो.

एक कोटी नव्वद लाखांचे दहा कोटी कसे झाले

बर्मिंगहॅमने सॅप सोडून ओरॅकल या अमेरिकी कंपनीची प्रणाली घ्यायचे ठरवले. २०१९ मध्ये त्यासाठी सुमारे १ कोटी ९० लाख पौंडांचा आकडा समोर होता. पौंड ढोबळमानाने शंभर रुपयांचा धरला, तर १९० कोटी रुपये. काम लांबले, आकडा दुप्पट होऊन ४ कोटी पौंडांच्या जवळ गेला. एप्रिल २०२२ मध्ये नवी प्रणाली सुरू झाली. २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत खर्च १० कोटी पौंडांवर जाणार, म्हणजे हजार कोटी रुपयांची गोष्ट, हे पालिकेलाच कबूल करावे लागले. पुढे तोही आकडा अपुरा ठरला, आणि शेवटी ही प्रणाली जवळजवळ नव्याने बसवायचा निर्णय झाला. म्हणजे एकाच घराचा पाया दोनदा भरायचा.

चूक कुठे झाली? सुरुवातीला पालिकेने एक शहाणपणाचे धोरण ठरवले होते. सॉफ्टवेअर जसे तयार मिळते तसेच घ्यायचे आणि आपल्या कामाच्या पद्धती त्याप्रमाणे बदलायच्या. प्रत्यक्षात उलटे झाले. खात्याखात्यांनी आपल्या जुन्या सवयी सोडल्या नाहीत, आणि त्या सवयींना बसेल असे सॉफ्टवेअर कापून-जोडून घेतले गेले. तयार सदरा विकत घ्यायचा आणि मग बाह्या, कॉलर, खिसे सगळे शिंप्याकडून उसवून घ्यायचे, असा तो प्रकार.

यातला सर्वांत घातक भाग बँकेच्या ताळमेळाचा होता. बँकेत जमा झालेली रक्कम कोणाची, कशापोटी, हे पालिकेच्या वहीशी जुळवणारा भाग खास बनवून घेतला होता. तोच नीट चालला नाही. शहराच्या तिजोरीत रोज पैसे येत होते, जात होते. पण कोणते पैसे कुठल्या खात्यावर टाकायचे हे माणसांना हाताने जुळवत बसावे लागले. २०२२-२३ या वर्षाचे विश्वासार्ह हिशेब पालिकेला मांडता येईनात. कोणी काय बदलले याची नोंद ठेवणारी सोयही सुरुवातीचे अनेक महिने बंद होती, असे लेखापरीक्षकांनी दाखवून दिले. म्हणजे त्या काळात कोणी हात मारला असता, तरी तो पकडायला खूण उरली नसती.

लेखापरीक्षक ग्रँट थॉर्नटन यांच्या अहवालांतली आणखी एक गोष्ट मला जास्त टोचते. पालिकेची तयारी पुरी झालेली नसताना प्रणाली सुरू केली गेली, आणि वाईट बातमी वेळेत व पुरेशी वर पोचली नाही. निवडून आलेल्या सदस्यांना खरे चित्र फार उशिरा कळले. यंत्र बिघडणे समजू शकते. पण बिघडल्याचे सांगायला कोणी धजू नये, हा आजार यंत्राच्या आधीचा आहे.

फक्त सॉफ्टवेअरने शहर बुडाले का?

नाही. हे स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर गोष्ट चटकदार होईल पण खोटी होईल. थकबाकीचा मोठा आकडा समान वेतनाचा होता. पालिकेने तो तेव्हा ६५ ते ७६ कोटी पौंडांच्या घरात सांगितला. स्वयंपाक, सफाई, वृद्धांची सेवा, शाळेत मदतनीस अशी कामे करणाऱ्या बायकांना, तेवढ्याच दर्जाच्या कामासाठी, कचरा उचलणाऱ्या आणि रस्ते झाडणाऱ्या पुरुषांना मिळणारे बोनस मिळत नव्हते. २०१२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १७० माजी कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतरच्या वर्षांत पालिकेने या दाव्यांपोटी शंभर कोटी पौंडांहून जास्त रक्कम मोजली, तरी प्रश्न संपला नाही. शिवाय केंद्र सरकारने वर्षानुवर्षे स्थानिक संस्थांच्या अनुदानाला लावलेली कात्रीही होतीच.

मग सॉफ्टवेअरचा दोष किती? माझ्या मते त्याने पैसे खाल्ले त्यापेक्षा मोठे नुकसान वेगळे केले. त्याने शहराचे डोळे काढून घेतले. आपल्यावर नेमके देणे किती, हातात शिल्लक किती, हे ठामपणे सांगता येईना. समान वेतनाचा आकडाही पुढे वादात सापडला; तो फुगवलेला होता का, यावर तिथे बरीच चर्चा झाली. विचार करा. घरात कर्ज आहे हे कळते, पण किती आहे हे सांगणारी वहीच हरवली आहे. अशा वेळी माणूस घाबरतो आणि हाताला लागेल ते विकायला काढतो.

बर्मिंगहॅमने तेच केले. केंद्राने नेमलेले आयुक्त पालिकेच्या डोक्यावर येऊन बसले. मार्च २०२४ मध्ये दोन वर्षांत ३० कोटी पौंडांची कपात मंजूर झाली. घरांवरचा कर त्या वर्षी ९.९९ टक्क्यांनी आणि पुढच्या वर्षी ७.४९ टक्क्यांनी वाढला. ७५ कोटी पौंडांपर्यंतच्या मालमत्ता विकायला काढण्याची योजना आली. तरुणांसाठीच्या सेवा, ग्रंथालये, कलासंस्थांची अनुदाने, रस्त्यावरचे दिवे, कुठेच कात्री चुकली नाही. २०२५ मध्ये सफाई कामगारांचा बेमुदत संप झाला, तेव्हा कचऱ्याचे ढीग आणि उंदरांची छायाचित्रे जगभर गेली.

२०२१ च्या जनगणनेनुसार या शहरात साडेअकरा लाखांच्या आसपास माणसे राहतात, आणि त्यांतली जवळजवळ ३० टक्के मुसलमान आहेत. स्पार्कब्रुक, स्मॉल हीथ, अॅलम रॉक या वस्त्यांत पाकिस्तानी-काश्मिरी कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी आहे. यातली बरीच घरे गरीब आहेत. ज्याच्याकडे गाडी आहे, घरात पुस्तके आहेत, मुलाला खासगी शिकवणी लावता येते, त्याला ग्रंथालयाचे तास कमी झाल्याने फारसा फरक पडत नाही. ज्याच्या घरात अभ्यासाला कोपरा नाही, त्याचा अभ्यास बंद पडतो. ज्या सॉफ्टवेअरचे नावही या घरांतल्या आयांनी कधी ऐकले नव्हते, त्याच्या चुकीच्या बिलात त्यांचाही वाटा निघाला. म्हणून हा प्रश्न तज्ज्ञांवर सोडून मोकळे होता येत नाही.

मग पैसा देऊच नये का?

आपल्याकडे अशा बातमीनंतर एक प्रतिक्रिया ठरलेली असते. गटारे तुंबली आहेत, उर्दू शाळांना पुरेसे शिक्षक नाहीत, नळाला दिवसाआड पाणी येते, आणि संगणकावर कोट्यवधी कशाला? ही ठेकेदारांची मेजवानी आहे, बंद करा.

या रागात तथ्य आहे. न्यूयॉर्क शहराने कर्मचाऱ्यांच्या हजेरी आणि पगारासाठी ‘सिटीटाइम’ नावाचा प्रकल्प घेतला होता. १९९८ मध्ये त्याचा आकडा सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलर होता. तो ७० कोटी डॉलरच्या वर गेला. खोटी कामे, दलाली, नातेवाइकांच्या नावावरच्या कंपन्या, सगळे बाहेर आले. काही सल्लागारांना तुरुंगवास झाला आणि मुख्य कंत्राटदार एसएआयसीने २०१२ मध्ये ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. मेजवानीचा संशय म्हणजे नुसती कुजबूज नाही.

तरीही ‘पैसा देऊच नका’ हे उत्तर मला पटत नाही. जुनी प्रणाली फुकट नसते. तिची देखभाल करणारे कमी होत जातात आणि उरतात ते जास्त पैसे मागतात. तिच्यातली भोके बुजवली जात नाहीत. आणि ती बंद पडते तेव्हा सर्वांत आधी रखडते ते लहान माणसाचे बिल. मोठा ठेकेदार वरच्या मजल्यावर जाऊन आपले काम करून घेतो. कंत्राटी सफाई कामगार, शाळेला खिचडी पुरवणारा बचत गट, निवृत्तिवेतनाची वाट पाहणारा शिपाई यांना सांगितले जाते, ‘सिस्टीम डाऊन आहे, पुढच्या आठवड्यात या.’ पारदर्शक वही ही गरिबाची गरज आहे. वशिला असणाऱ्याचे तिच्यावाचून अडत नाही.

तेव्हा पैसा द्यायचाच. पण कशासाठी, हा खरा प्रश्न आहे. इथे मला आमच्या शाळेतला एक अनुभव सांगावासा वाटतो.

काही वर्षांपूर्वी मुलांच्या नोंदी जनरल रजिस्टरमधून ऑनलाइन चढवायच्या होत्या. मुदत थोडी, संगणक एक, त्यात वीज जाऊन-येऊन. रजिस्टरात नाव आहे, समजा, ‘शेख इम्रान शेख रशीद’. मराठवाड्यात, विदर्भात आपल्याकडे नावे अशीच लिहितात. पडद्यावर मात्र तीनच रकाने: विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. शेख तर सुरुवातीला आहे, मग आडनाव कोणते? कोणी ‘शेख’ उचलून शेवटी टाकले. कोणी ‘रशीद’ हेच आडनाव केले. कोणी पहिल्या रकान्यात ‘शेख इम्रान’ लिहून पुढचे सोडून दिले. त्यात इंग्रजी स्पेलिंगची तऱ्हा वेगळी. एकाच घरातल्या तीन भावंडांची आडनावे तीन झाली.

चूक कळली ती मुले दहावीचा अर्ज भरायला बसली तेव्हा. मग प्रतिज्ञापत्रे, मुख्याध्यापकांचे दाखले, शिक्षण खात्याच्या कार्यालयात खेटे. हातगाडी लावणाऱ्या बापाचा एकेक दिवस बुडाला. आपल्या समाजात कागदावरच्या एका अक्षराची धास्ती किती आहे, हे वाचकांना सांगायला नको. त्या कामासाठी सॉफ्टवेअरचा पैसा कोणीतरी मंजूर केला होता. नावे नीट तपासून भरायला लागणारे पंधरा दिवस आणि दोन माणसे मात्र कोणीच मंजूर केली नव्हती.

हेच मोठ्या प्रमाणावर शहरांचे होते. यंत्राला पैसा मिळतो, नोंदींना आणि माणसांना मिळत नाही.

पैसा अडतो कुठे

याचे एक कारण अंदाजपत्रकाच्या रचनेत आहे. पालिकेचा खर्च दोन भागांत असतो, भांडवली आणि महसुली. सॉफ्टवेअर विकत घेणे सहसा भांडवली खर्चात बसते. त्याला योजना मिळते, अनुदान मिळते, उद्घाटनाची फीत मिळते. पण जुन्या नोंदी साफ करणे, कारकुनांना शिकवणे, काही महिने जुनी आणि नवी प्रणाली शेजारी-शेजारी चालवून दोघींचे आकडे जुळवणे, दरवर्षीचे परवाना शुल्क भरणे, हा खर्च बहुतांशी महसुली. तो पालिकेला स्वतःच्या खिशातून करावा लागतो. जकात गेल्यानंतर आपल्या पालिकांचा खिसा आधीच हलका आहे. मालमत्ता कर आणि राज्याकडून येणारी भरपाई यांवर बरीच भिस्त. मग जे दिसत नाही ते आधी कापले जाते.

आपल्याकडे हा अनुभव जुना आहे. २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू शहरी पुनरुत्थान अभियान आले, तेव्हा केंद्राचा निधी घ्यायचा तर द्विनोंद लेखापद्धती आणि ई-गव्हर्नन्स स्वीकारा, अशी अट होती. अट योग्य होती. त्याआधी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कल्याण-डोंबिवली महापालिकेने संगणकीकरणात पुढाकार घेतला होता, आणि तो नमुना राज्यातल्या इतर पालिकांसमोर ठेवला गेला. म्हणजे आपल्याकडे बुद्धीची कमतरता कधीच नव्हती. पण योजनेचा पैसा एकदाच येतो आणि वही रोज लिहायची असते. योजना संपते, ठेकेदार जातो, शिकलेला कारकून निवृत्त होतो, आणि कार्यालयात संगणकाशेजारी पुन्हा लाल कापडात बांधलेली वही दिसू लागते.

म्हणून माझे म्हणणे असे. जुने सॉफ्टवेअर बदलण्याचा प्रस्ताव आला की सुरुवातीला कमी दिसणाऱ्या आकड्यावर भाळू नये. उलट विचारावे, हा आकडा इतका कमी कसा? त्यात पाच गोष्टींची तरतूद वेगवेगळी लिहिलेली दिसली पाहिजे.

एक, जुन्या नोंदींची साफसफाई. तीही नवे सॉफ्टवेअर घेण्याआधी.

दोन, माणसांचे प्रशिक्षण आणि त्या काळात त्यांच्या जागी काम करणारी जादा माणसे. दिवसभर खिडकीवर बसून संध्याकाळी सहाला कोणी शिकत नसते.

तीन, जुनी आणि नवी प्रणाली एकत्र चालवण्याचा काळ. निदान काही महिन्यांचे पगार आणि बँकेचा ताळमेळ पैशापैशाने जुळल्याशिवाय जुनी वही मिटायची नाही. ठेकेदाराचा मोठा हप्ताही त्यानंतरच.

चार, पुढच्या दहा वर्षांचे परवाना आणि देखभालीचे पैसे. बैल घेताना वैरणीचा हिशेब शेतकरी करतोच.

पाच, ठेकेदाराशी संबंध नसलेला स्वतंत्र तपासनीस. त्याचा अहवाल दर तीन महिन्यांनी सभागृहात आणि पालिकेच्या संकेतस्थळावर, मराठीत. अडचण आली तर तीही त्यात लिहिलेली हवी. जो अधिकारी ‘अजून तयारी झालेली नाही’ असे सांगेल, त्याची बदली होऊ नये.

हे सगळे धरले तर पहिला आकडा मोठा दिसेल, विरोधक आरडाओरडा करतील. पण बर्मिंगहॅमचा पहिला आकडा लहान होता, आणि त्याचे पुढे काय झाले ते आपण पाहिले. बचतीच्या नावाखाली आणखी एक चूक होते. सॉफ्टवेअर आले म्हणून जुने कारकून आधीच कमी करायचे. कोणत्या गल्लीतल्या कोणत्या घराचा कर का थकला, कोणत्या खात्याचे नाव कधी बदलले, हे त्या माणसांच्या डोक्यात असते. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘फिनिक्स’ ही नवी पगारप्रणाली आणताना पगाराच्या कामातली शेकडो अनुभवी माणसे आधीच कमी केली होती. पुढे लाखभराहून जास्त कर्मचाऱ्यांच्या पगारात गोंधळ झाला; कोणाला कमी, कोणाला जास्त, कोणाला मिळालाच नाही.

वही ही अमानत आहे

कुरआनमधली सर्वांत मोठी आयत नमाजबद्दल नाही, रोजाबद्दल नाही. ती सूरह बकरामध्ये आहे, आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार नीट लिहून ठेवणे. लिहिणारा न्यायाने लिहिणारा असावा, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. हजरत उमर यांच्या खिलाफतीत राज्य वाढले, महसूल वाढला, तेव्हा त्यांनी ‘दीवान’ उभा केला. कोणाला किती द्यायचे याची ती रीतसर नोंदवही होती. नोंद नीट असेल तरच हक्क नीट पोचतो, ही त्यामागची समज होती.

आपण मस्जिदच्या चंद्याचा हिशेब दर जुम्म्याला मागतो. जमातीच्या कब्रस्तानाच्या भिंतीला किती लागले, यावर तासन्‌तास भांडतो. भांडायलाच हवे. पण त्याच गल्लीतून पालिकेला जाणाऱ्या कराचा हिशेब कोणत्या वहीत लिहिला जातो आणि ती वही शाबूत आहे का, हे आपण विचारत नाही. तो कर हिंदूचा, मुसलमानाचा, दलिताचा, जैनाचा, सगळ्यांचा मिळून आहे आणि अधिकाऱ्यांच्या हाती ती अमानत आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पालिकेचे अंदाजपत्रक मांडले जाते. तेव्हा आपल्या नगरसेवकाकडे रस्ता, गटार, शादीखाना मागायला जाऊच. त्याच वेळी आणखी तीन प्रश्न विचारावेत. पालिकेचा हिशेब ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते किती जुने आहे? गेल्या वर्षाचा बँकेचा ताळमेळ पूर्ण झाला आहे का? आणि सॉफ्टवेअर बदलायचे ठरले, तर आमची नावे आणि आमच्या नोंदी तपासायला किती पैसे ठेवले आहेत?

नगरसेवकाला उत्तर माहीत नसेल. पहिल्या वर्षी नसेलच. पण चार वॉर्डांतून तोच प्रश्न गेला तर तो लेखापालाला विचारेल, आणि लेखापालाला वही उघडून पाहावी लागेल. बर्मिंगहॅममध्ये ती वेळेवर कोणी उघडून दाखवली असती, तर दुरुस्ती स्वस्तात झाली असती.